पाठीतले यंत्र आणि घरातली माणसे



दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण काही दुखणी मुंगीच्या पावलांनीही जात नाहीत. जखम भरते, टाके निघतात, फोटोत सारे ठीक दिसते, तरी पाय आतून जळतच राहतो. गोणी वाहणारा हमाल, गटारात उतरणारा सफाई कामगार, डोक्यावर घमेले घेणारी बिगारी बाई, चार घरची धुणीभांडी करणारी आई, यांच्या घरांना हे दुखणे चांगलेच ठाऊक आहे. अशा दुखण्यासाठी पाठीत बसवायच्या यंत्राविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे येत असतात. कुणी विचारतात, त्याने दुखणे मुळासकट जाते का? कुणी विचारतात, गावचा जमिनीचा तुकडा विकून ते बसवावे का? हा दुसरा प्रश्न आम्हाला झोप लागू देत नाही. आमच्या स्वतःच्या पाठीत २०१८ सालापासून असे यंत्र आहे, म्हणून पुस्तकातले आणि अनुभवातले असे दोन्ही आज सांगतो.

या यंत्राला डॉक्टर स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. मणक्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, एक किंवा दोन बारीक तारा सरकवून ठेवतात. त्या तारा कातडीखालूनच एका छोट्या डबीला जोडतात. ही डबी म्हणजे बॅटरी. ती कमरेखाली मागच्या बाजूला किंवा पोटाच्या कडेला कातडीखाली बसवतात. डबीतून तारेत विजेचे अगदी सौम्य ठोके जातात. हातातल्या रिमोटने ते कमी-जास्त करता येतात.

विजेने दुखणे कमी कसे होते? कोपर भिंतीला आपटले की आपण न शिकवता ते चोळतो आणि बरे वाटते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याची उपपत्ती मांडली. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचा संदेश जोरात आला की वेदनेच्या संदेशासाठी ते फाटक काहीसे बंद होते. पुढे या उपपत्तीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण तिच्यातूनच हे यंत्र निघाले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनांनी त्रस्त असलेल्या रुग्णाच्या पाठीत पहिल्यांदा असे यंत्र बसवले. म्हणजे ही काही कालपरवाची जादू नव्हे. वीज आणि वेदना यांचे नाते तर त्याहून जुने आहे. पहिल्या शतकात रोमच्या स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने डोकेदुखी आणि गाठिया वातावर विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे यंत्र दुखण्याचे मूळ काढत नाही. सरकलेली चकती जागेवर आणत नाही, झिजलेले हाड भरून काढत नाही. ते फक्त वेदनेचा आवाज कमी करते. म्हणून ते मुख्यतः नसांच्या दुखण्यासाठी आहे. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायात आग, मुंग्या, चमका राहिल्या किंवा मधुमेहाने पायाच्या नसा जळू लागल्या आणि औषधांनी भागेना, तर डॉक्टर याचा विचार करतात.

आमच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. डाव्या पायातली आग मात्र हटेना. रात्री चादरीचा स्पर्श सहन होत नसे. गोळ्यांनी दिवसभर गुंगी येई. तेव्हा आधी चाचणी झाली. कातडीतून तारा आत सोडून बॅटरी कमरेला बाहेरच बांधली आणि आठवडाभर घरी पाठवले. या चाचणीत दुखणे निम्म्याने तरी कमी झाले पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. नाही झाले तर तारा काढून घेतात आणि विषय संपतो. आमचे दुखणे निम्मे झाले, झोप लागली, म्हणून पुढे कायमचे यंत्र बसले.

आज विचाराल तर रुपयातले आठ आणे दुखणे गेले आहे आणि आठ आणे राहिले आहे. उरलेल्या आठ आण्यांशी आम्ही जमवून घेतले आहे. बाजारापर्यंत चालता येते, नातवाला शाळेत सोडता येते, अर्धी रात्र नीट झोप लागते. ज्याला यातले काहीच जमत नव्हते त्याला हे थोडे नाही. पण पूर्ण बरे होऊ या आशेने जो यंत्र बसवील तो निराश होईल.

आता रोजच्या जगण्याविषयी. पहिले सहा ते आठ आठवडे फार जपावे लागते. कमरेतून वाकणे, वळणे, ओझे उचलणे, माळ्यावरचे काढायला हात वर ताणणे बंद. तारा आत रुतेपर्यंत त्या सरकण्याची भीती असते. आपल्याकडे पाण्याची कळशी आणि गॅसची टाकी वाट पाहत नाही, तेव्हा हे दोन महिने घरातल्यांनी आधीच वाटून घ्यावेत. आमच्या बाबतीत हे सारे पाळूनही दुसऱ्या वर्षी तार हलली. पायाला मिळणारे ठोके बरगडीत जाणवू लागले. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिचा खर्च वेगळा. ज्या रुग्णालयात यंत्र बसले तिथे हा खर्च आम्हाला आधी कुणी सांगितला नव्हता. तार हलणे, जंतुसंसर्ग होणे, बॅटरीच्या जागी दुखणे, काही वर्षांनी गुण कमी होणे, या गोष्टी अनेकांना भोगाव्या लागतात. त्या आधी विचारून घ्या.

आमची बॅटरी चार्ज करावी लागते. आठवड्यातून एकदा कमरेला पट्टा बांधून तासभर बसतो. कातडीवरूनच चार्ज होते, सुई-टोचणी काही नाही. नातू शेजाऱ्यांना सांगतो, "आजोबांना चार्जिंगला लावलंय." भारनियमन असणाऱ्या गावात वीज असताना हे काम उरकून घ्यावे. चार्ज न होणारी बॅटरीही मिळते, पण ती काही वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते.

मुंग्या जाणवणाऱ्या यंत्रात आडवे होताना किंवा मान-पाठ वळवताना ठोके एकदम जोरात लागतात, म्हणून झोपण्यापूर्वी रिमोटने कमी करावेत. अशा ठोक्यांवर गाडी, रिक्षा, यंत्र चालवू नये, त्या वेळी ते बंद ठेवावे. अलीकडे मुंग्या न जाणवणारे प्रकारही आले आहेत. विहारात मांडी घालून बसता येईल का, असे एका भगिनीने विचारले होते. जखम भरल्यावर डॉक्टरांनी होकार दिला तर बसावे. नाही जमले तर खुर्ची घ्यावी. वंदना खुर्चीवरूनही होते, त्यात कमीपणा नाही.

काही धोके मात्र पाठ करून ठेवा. पहिला, शेक. गल्लीतल्या दवाखान्यात कंबरदुखीवर डायथर्मीचा विजेचा शेक देतात. यंत्र असलेल्या माणसाने तो अंगावर कुठेही घ्यायचा नाही. तारेची टोके तापून आतले मज्जातंतू भाजू शकतात. दुसरा, एमआरआय. काही यंत्रे ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, काही मुळीच चालत नाहीत. तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी कार्ड दाखवा. तिसरा, वेल्डिंग. आपल्या वस्तीतले कितीतरी तरुण विजेच्या वेल्डिंगवर पोट भरतात. त्यांना हे काम सोडावे लागू शकते, म्हणून रोजीरोटीचा विचार आधी करावा. चौथा, कुठलीही दुसरी शस्त्रक्रिया, अगदी दाताचीसुद्धा. डॉक्टरांना आधी सांगा.

स्टेशनवर, मॉलच्या दारात, विमानतळावर धातू शोधणारी चौकट असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जाताना अशी चौकट लागली तर पोलीस भावाला कार्ड दाखवून बाजूने सोडण्याची विनंती करावी. चौकटीतूनच जावे लागले तर यंत्र बंद करून, मध्ये न रेंगाळता पुढे जावे. यंत्राचे कार्ड रेशनकार्डासारखे जपावे आणि सतत खिशात ठेवावे.

आता पैशांचा प्रश्न. या यंत्राला काही लाख रुपये लागतात. एवढी रक्कम घालण्यापूर्वी दुसरी बाजूही ऐकावी. इंग्लंडमधील सरकारी आरोग्य संस्था नाइसने २००८ साली नसांच्या जुनाट दुखण्यासाठी, चाचणी यशस्वी झाल्यास, या यंत्राची शिफारस केली. पण २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरील १३ अभ्यास आणि त्यांतील ६९९ रुग्णांची माहिती तपासली. कंबरदुखीत सहा महिन्यांनंतर या यंत्राचा खोट्या उपचारापेक्षा बहुधा अधिक फायदा होत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. यंत्र बसवणारे अनेक डॉक्टर त्याशी सहमत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून बजावले, की चाचणीत गुण दिसल्याशिवाय कायमचे यंत्र बसवू नये. मोठमोठ्या संस्था जिथे एकमताने बोलत नाहीत, तिथे शंभर टक्के खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या बंधूंना आमचे उत्तर असे : जमीन विकू नका, निदान आज तरी नाही. आधी मोठ्या सरकारी रुग्णालयात वेदना-उपचार विभाग असेल तर तिथे दाखवा. नसांच्या दुखण्यावरची औषधे आणि व्यायाम नीट, पुरेसे दिवस करून पाहा. कामगार विमा असेल तर तिथे लेखी विचारा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. यंत्राची किंमत सवलतीत येते का, पुन्हा तार बसवायचा आणि बॅटरी बदलायचा खर्च कुणाचा, हे कागदावर घ्या. इतके करूनही चाचणीत गुण आला, तर घरातल्या सर्वांनी बसून ठरवा.

शेवटचे सांगणे घरातल्या माणसांना. हे दुखणे दिसत नाही. प्लास्टर नाही, काठी नाही, रक्त नाही. त्यामुळे "नाटक करतो", "कामचुकार आहे" असे शब्द सहज तोंडातून जातात. आम्ही ते ऐकले आहेत, कामावर आणि नात्यागोत्यातही. त्या शब्दांची आग कोणतेही यंत्र कमी करत नाही. आणखी एक पाहा. आपल्या घरांत पुरुषाची कंबर दुखली की डॉक्टर, आणि बाईची दुखली की बाम. तीस वर्षे ओणवे राहून लोकांच्या फरशा पुसणारी आई रात्री पाय चेपत बसते आणि कुणी विचारत नाही. या आठवड्यात तिला विचारा, कुठे दुखते, किती दिवस दुखते, रात्री झोप लागते का. तिचे उत्तर कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन तिला दवाखान्यात न्या. यंत्राची गोष्ट नंतरची.