अंटार्क्टिका विकताना

हडपसरमध्ये मगरपट्टा, अमनोरा या वसाहतींतून आता अंटार्क्टिकाची चौकशी होऊ लागली आहे. युरोप-अमेरिका पाहून झालेली, निवृत्त जोडपी गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आपल्यापुढे बसतात. त्यात स्वीट, स्पा, बटलर असे सगळे असते. आपण मात्र बोलायला सुरुवात करावी ती जहाजावरच्या प्रवाशांच्या आकड्यापासून.

अंटार्क्टिका सहल-आयोजकांची 'आयाटो' ही संघटना 1991 पासून काम करते. तिच्या नियमांनुसार 500 हून अधिक प्रवाशांचे जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी 100 च प्रवासी उतरू शकतात. 'सीनिक एक्लिप्स'सारखी आलिशान नौका ध्रुवीय भागात 200 प्रवासी नेते. म्हणजे तिथेही पाळ्या लागतात. अर्धे लोक किनाऱ्यावर, तर उरलेले झोडियॅक बोटीत किंवा जहाजावर. शंभराच्या आतले साधे जहाज अनेकदा बर्फावर जास्त वेळ देते. बटलरपेक्षा हा वेळ मोलाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कार्यक्रमपत्रिकेत 'लँडिंग नक्की' असे लिहिणे तर थांबवायलाच हवे. वारा फिरला, बर्फ सरकला की कप्तान बेत बदलतो, आणि तो बदलणेच योग्य असते. 23 नोव्हेंबर 2007 रोजी 'एक्सप्लोरर' हे जहाज दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यावरचे 154 जण बचावनौकांत तासन्‌तास थांबले आणि दुसऱ्या प्रवासी जहाजाने त्यांना उचलले. सगळे वाचले, कारण हवा बरी होती आणि जहाज जवळ होते. त्याच बेटांपैकी किंग जॉर्ज बेटावरून रुग्णाला विमानाने हलवायचे, तर तेही हवामानाच्या हाती. हृदयविकार, मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना पैसे घेण्याआधीच हे सांगा; आपत्कालीन स्थलांतराचे विमाकवच किती रकमेचे आहे, हे त्यांच्यासमोर वाचून दाखवा.

आपल्या मंडळींच्या पिशवीत चिवडा-लाडू असतातच. ते जहाजावर राहू द्यावेत. किनाऱ्यावर खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. बुटांचे तळवे, खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या यांत अडकलेले बी काढूनच उतरायचे. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायला किंवा आडवे व्हायलाही मनाई आहे. बर्फात लोळून ग्रुप फोटो काढण्याची हौस आपल्याच जाहिरातींनी लावली आहे. ती छायाचित्रे आता काढून टाकावीत.

अंटार्क्टिकाऐवजी उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर पाठवत असाल, तर दोन गोष्टी तपासा. ते शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ऑस्लोमार्गे जाऊन परतण्यासाठी किमान दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या संरक्षित भागात 200 हून अधिक प्रवाशांच्या जहाजांना बंदी आहे.

पूर्ण जहाज भाड्याने घेऊन फक्त मराठी प्रवाशांची सफर काढू पाहणाऱ्यांनी भारतीय अंटार्क्टिक कायदा, 2022 मुळातून वाचावा. सफर कोणत्या देशाच्या परवान्यावर जाणार, हे जहाजमालकाकडून लेखी घ्यावे, आणि आगाऊ रक्कम त्यानंतरच भरावी.