पाकटांची नावनिशी

अंगावर निळे ठिपके आणि डोळ्यांवरून गेलेला काळसर पट्टा असलेले जे पाकट हिंदी महासागरापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत जाळ्यांत सापडते, ते १८४१ साली म्यूलर व हेन्ले यांनी दिलेल्या ‘कुह्ली’ या एकाच नावाखाली शास्त्रज्ञांच्या दप्तरी दीर्घकाळ बिनदिक्कत दाखल होत राहिले. जनुकीय तपासणीने या एकजिनसीपणाचे पितळ उघडे पाडले, आणि २०१८ मध्ये मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांचा ज्यात वाटा होता अशा निबंधाने भारतीय किनाऱ्यावरील पाकटास ‘निओट्रायगॉन इंडिका’ ही स्वतंत्र जात ठरविले.

तथापि जनुकाचा दाखला मिळाला की शरीररचनेची साक्ष फेटाळावी, हा अलीकडचा उतावळेपणा मला मान्य नाही; कारण तंतुकणिकेतील जो जनुक बहुधा वाचला जातो तो केवळ मातृवंशाची हकीकत सांगतो, आणि दोन जातींचा संकर झाला असल्यास तो चक्क दिशाभूल करतो. म्हणून ठिपक्यांचा व्यास शरीराच्या रुंदीशी ताडून पाहणे, क्ष-किरणचित्रात पराच्या कूर्चाशलाका एकेक करून मोजणे, ही किचकट कामे टळत नाहीत. त्यातही मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा निळा रंग उडत असल्याने ठिपके ताज्या मासळीवरच टिपावे लागतात. बंदरावरील नोंदवहीत मात्र साऱ्या जाती ‘पाकट’ या एकाच रकान्यात जमा झाल्या, तर मोजकीच पिले देणारी एखादी जात घटत चालल्याचे एकूण वजनाच्या आकड्यावरून कोणत्याही अंमलदारास कळणार नाही.