अस्वलांचा नको, फासक्यांचा बंदोबस्त करा!

शाहूवाडीकर मंडळी,

आंब्यापासून उदगिरीपर्यंत कुठंही अस्वल दिसलं की दुसऱ्या दिवशी एकच मागणी होते : वनखात्यानं बंदोबस्त करावा. बंदोबस्त म्हणजे काय, ते कुणी बोलत नाही. पिंजऱ्यात धरून नेऊन सोडायचं तरी कुठं? चांदोलीचं रान आपल्या उंबऱ्याला लागूनच आहे. विशाळगडाच्या जंगलाला 2020-21 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. एक अस्वल उचललं तर त्या रिकाम्या जागेत दुसरं येणार.

हे पत्रक अस्वलाची वकिली करतं, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्याच्या घरचा माणूस अस्वलानं फोडला, त्याला उपदेश करायला ते काढलेलं नाही. त्याच्या पदरात काय पडायला हवं, तेही पुढं लिहिलंय.

अस्वल माणसाला खायला येत नाही. त्याच्या वरच्या जबड्यात मधले दोन पुढचे दात नसतातच. लांब नख्यांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, हा त्याचा रोजचा धंदा. त्या ओढण्याचा आवाज शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. त्याला स्वतःला मात्र बेताचंच दिसतं आणि ऐकूही कमी येतं. त्यात खाताना डोकं वारुळात. अशा वेळी करवंदाच्या जाळीला वळसा घालून आपण एकदम चार हातांवर उभे राहिलो, तर ते दचकतं आणि अंगावर येतं. वाघाच्या मुलखात वाढलेलं जनावर, मागे पळणं त्याच्या स्वभावात कमी. त्यात मादीची पिल्लं हिवाळ्यात जन्मतात आणि उन्हाळ्यात तिच्या पाठीवर बसून हिंडतात. म्हणजे आपण करवंदं काढायला जातो, नेमकं तेव्हाच.

आता वणव्याचं बघा. गवत जोमानं येतं म्हणून माघ-फाल्गुनात डोंगराला काडी लावायची, ही आपली जुनी खोड. त्याच दिवसांत करवंद मोहरतं. मोहर जळाला की वैशाखात डोंगरावर फळ नाही. मग अस्वल उतरतं परड्यातल्या फणसाला, आणि आपण म्हणतो, अस्वलं माजली! वनीकरणवाल्यांनी आकेशिया आणि गिरिपुष्प लावून हिरवाईचे आकडे भरले. त्या झाडांखाली अस्वलानं काय खावं? उंबर, जांभूळ, तोरण का नाही लावले? बॉक्साइटसाठी सडे पोखरले, कपारी हादरल्या, तेव्हा कुणी बंदोबस्त मागितला होता?

सगळ्यात घाण प्रकार फासक्यांचा. डुकरासाठी म्हणून क्लचची तार पाणंदीत वाकवून ठेवतात. तिला माहीत नसतं की येणारा पाय डुकराचा, अस्वलाचा की शेजाऱ्याच्या म्हशीचा. तारेत अडकलेलं जनावर जितकं ओढतं तितकी ती मांसात रुतते. कधी तार तुटते, पाय सडतो आणि तेच लंगडं, चिडलेलं जनावर पुढं एखाद्या गुराख्याच्या वाट्याला येतं. पिठाच्या गोळ्यात घातलेले गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेला करंट हे फासक्यांचेच सख्खे भाऊ. हे लावणारे कोण, ते प्रत्येक वाडीत माहीत असतं. भाऊबंदकीपायी कुणी तोंड उघडत नाही, एवढंच. अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी 25 हजारांचा दंड.

दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा, हे पन्नाशीच्या माणसांना आठवत असेल. नाकात भोक पाडून ओवलेली दोरी, बोथट केलेले दात आणि पोरांच्या गळ्यात केसाचा ताईत. देशातलं नाचणारं शेवटचं ज्ञात अस्वल 2009 मध्ये सोडवलं गेलं. ताईत आणि सांधेदुखीवर चरबी मागणारे मात्र अजून आहेत. त्या चरबीनं कुणाचा गुडघा बरा झालेला आम्ही पाहिलेला नाही.

आता सरकारचा हिशेब. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन एकटा मोटर चालू करायला ओढ्याकाठी जातो. जनावरांच्या हिंडण्याची वेळही तीच. 2022 मध्ये दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकरी ठाण मांडून बसले होते. जंगलाकाठच्या फीडरना तरी आधी दिवसाची वीज द्या! एका पिंजऱ्यापेक्षा त्यानं जास्त जीव वाचतील. वन्यप्राण्यानं माणूस मारला तर घरच्यांना 25 लाख, गंभीर जखमीला 5 लाख, असा शासनाचा दर आहे. पण पंचनाम्यासाठी आणि दाखल्यासाठी धनगरवाड्यावरच्या माणसानं मलकापूरला किती खेपा घालाव्यात? खात्यातल्या माणसानंच दवाखान्यात जाऊन कागद भरावेत.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. करवंदाला, जळणाला दोघं-तिघं मिळून जा, बोलत जा, घुंगुरकाठी वाजवत जा. कुत्रं मोकळं सोडू नका. ते अस्वलाला डिवचतं आणि शेपूट घालून आपल्याच पायात येतं. अस्वल लांब दिसलं तर दगड मारू नका, मोबाइल काढून घोळक्यानं मागं लागू नका, त्याची वाट सोडून हळू मागं सरका. अंगावरच आलं तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाका. ते चेहऱ्यावर आणि डोक्यावरच मारतं. जनावर अडकलेलं दिसलं तर स्वतः सोडवायला न जाता वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन लावा.

1 मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं तीन ठराव मांडावेत : गावच्या हद्दीत फासकी, बॉम्ब किंवा करंट लावणाऱ्याचं नाव झाकायचं नाही, डोंगराला काडी लावणाऱ्याकडून दंड घ्यायचा, आणि शेतीला दिवसाची वीज मिळावी म्हणून महावितरणकडे लेखी मागणी करायची. ठरावाची एक प्रत वनक्षेत्रपालांना, एक तहसीलदारांना द्या. आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

आपले,
तालुक्यातले काही शेतकरी आणि गुराखी