जिंक्सला बालपण मिळालं

व्हिडिओ गेमवरून मालिका काढायची, की बहुतेकांचं लक्ष आधी लढायांकडे जातं. 'आर्केन'ने आधी माणसं उभी केली, म्हणून ती जिंकली, असं मला ठामपणे वाटतं. ही मालिका ज्यावर बेतली, त्या 'लीग ऑफ लेजंड्स' या २००९ च्या खेळात जिंक्स म्हणजे रॉकेट झाडत सुटलेली एक माथेफिरू पोर. खेळायला तेवढं पुरतं. २०२१ मध्ये पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने तिला बालपण दिलं. तिसऱ्या भागात छोटी पावडर, म्हणजे पुढची जिंक्स, आपल्या माणसांना सोडवायला हाताने बनवलेला बॉम्ब सोडते. आजवर फुसके निघालेले तिचे बॉम्ब. हा मात्र फुटतो. ती आनंदाने उसळते, आणि त्याच स्फोटात घरची माणसं जातात. मोठी बहीण व्हाय तिच्या थोबाडीत मारते. हा खेळ कधीही न खेळलेल्याच्या पोटातही तिथे खड्डा पडतो. २०२२ चा एमी पुरस्कार अगदी योग्य मालिकेला मिळाला.

२०२४ च्या दुसऱ्या पर्वाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. नऊ भागांत युद्ध, काळाची उलथापालथ आणि सगळ्यांचे निरोप कोंबले. सातवा भाग सोडला, तर पावडरच्या वाट्याला आलेली ती उसंत इतर कुणाला फारशी मिळाली नाही.