बदललेला आंकडा



सन २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यांत आमच्या एकलहऱ्यासहि आकाशांतील एका दगडाची चर्चा ऐकूं येत होती. '२०२४ वाय-आर-४' हें त्याचें नांव. २७ डिसेंबर २०२४ रोजीं चिली देशांतील 'अ‍ॅटलास' दुर्बिणीस तो प्रथम दिसला. त्याच्या दोन दिवस आधीं, ऐन नाताळांत, तो पृथ्वीपासून सुमारें सव्वाआठ लक्ष किलोमीटरांवरून निघूनहि गेला होता! त्याचा व्यास सुमारें ६० मीटर; सूर्याभोंवतींचा एक फेरा सुमारें ४ वर्षांचा. २२ डिसेंबर २०३२ रोजीं तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव जानेवारीअखेर शेंकडा एकाहून किंचित् अधिक, असें सांगण्यांत आलें. १८ फेब्रुवारीस तो ३.१ झाला, आणि महिना संपण्यापूर्वींच ०.००४ वर उतरला.

तेव्हां एका पालकांनीं मला हंसत विचारलें, "मास्तर, या लोकांचा आंकडा रोज बदलतो, मग मुलांना त्यांचें काय म्हणून शिकवितां?" त्या प्रश्नाचें उत्तर येथें देतों.

बऱ्याच वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका शाळेंत असतां, माझ्या वर्गाची कांच फुटली. मुलें चाळीस. चौकशींत एकेक जण निर्दोष ठरूं लागला, तसतसा उरलेल्यांवरील संशय वाढत गेला. अखेर तिघे उरले. त्यांतील एकावर माझा संशय प्रथम चाळीसांत एक होता, तो आतां तिघांत एक झाला. वास्तविक त्या मुलानें मध्यंतरीं कांहींच केलें नव्हतें! मीं तेवढ्यावरच त्यास सर्वांसमक्ष फटकारलें. दुसऱ्या दिवशीं कळलें, कीं तो त्या वेळीं आईसमवेत दवाखान्यांत होता.

त्या दगडाचेंहि असेंच झालें. थोड्या आठवड्यांच्या निरीक्षणावरून आठ वर्षांपुढील स्थान काढावयाचें, म्हणजे बोटभर कंसावरून सबंध वर्तुळ काढण्यासारखें आहे. आरंभींची केसाएवढी चूक पुढें लक्षावधि किलोमीटरांची होते. नवीं निरीक्षणें येतात, तसा शक्य मार्गांचा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या पट्ट्यांत आहे तोंवर तिच्या वांट्याचा संभव वाढतो, आणि ती पट्ट्याबाहेर पडली, कीं तो एकदम ओसरतो. दगड आपल्या वाटेनेंच चालला होता. बदललें तें आपलें ज्ञान.

मग भय व्यर्थच होतें काय? मुळींच नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहा. काळ्या पाषाणांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा आकाशांतून आलेल्या अशाच एका धोंड्यानें पाडला. तेथेंहि मत बदललेंच: प्रथम तो ज्वालामुखीचा मानीत, १९७३ मध्यें आघाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. वय कोणी सुमारें ५० हजार वर्षें म्हणत. नंतरच्या एका मोजणीनें तें सुमारें ५ लक्ष ७० हजार निघालें. म्हणून आकाशावर पहारा हवाच, आणि पहारेकऱ्यास आपला शब्द सुधारण्याची मुभाहि हवी. थट्टेच्या भयानें जो गप्प बसेल, तो पहारेकरी काय कामाचा?

त्या मुलाची क्षमा मीं मागितली, पण एकांतांत. फटकारलें मात्र चाळीसांसमक्ष. ज्योतिषशास्त्रज्ञांनीं भयाचा आंकडा जसा जगासमोर मांडला, तसाच दुरुस्तीचाहि मांडला. मला तें त्या दिवशीं जमलें नाहीं, म्हणून आज या पानावर लिहीत आहें.

पालकहो, आपला पाल्य घरीं येऊन "माझें काल चुकलें होतें" असें म्हणेल, तेव्हां त्यास हंसूं नका. आंकडा बदलण्यांत लाज नाहीं. खोटा ठरलेला आंकडा धरून बसण्यांत आहे.