फाल्गुनातला आंदर मावळ

मावळातली रानफुले म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भाद्रपद-आश्विनातली पठारे येतात. सोनकीचा पिवळेपणा, तेरड्याची गुलाबी झाक आणि त्यात छायाचित्रे काढण्यासाठी उतरलेली माणसे. मला तिथे जाणे कधी रुचले नाही. गर्दीचा कंटाळा हे एक कारण, पण खरे कारण घरच्या संस्काराचे. तो काळ चातुर्मासाचा. हिरवळीवर, जीवजंतूंवर पाऊल पडू नये म्हणून आपले साधू-साध्वी चार महिने एका जागी राहतात, आणि आपण फुले पाहण्यासाठी फुलेच तुडवायची, हे पटत नाही.

वसंताची गोष्ट निराळी. सह्याद्रीतला वसंत मुख्यतः झाडांवर येतो. पायाखाली वाळले गवत आणि तापलेली माती असते. फुले पाहायची ती मान वर करून.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार दिवस आंदर मावळात राहिलो. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक ओलांडून वडेश्वरच्या बाजूला गेले की ठोकळवाडी धरणाचे पाणी दिसू लागते. शंभर वर्षांपूर्वी आंद्रा नदीवर बांधलेल्या या धरणाचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्राकडे जाते. त्याच भागात माझ्या व्याह्यांनी वीस गुंठे जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आहेत. आम्ही दोघे, व्याही, विहीणबाई आणि आठ वर्षांची नात, असा लवाजमा. नवकारशी झाली की चालायला निघायचे, ऊन चढण्याआधी परतायचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून अंगणात बसायचे. व्याह्यांचे कापडाचे दुकान आहे. पहिला दिवस त्यांनी फोनची रेंज शोधण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी फोन घरीच ठेवून आले.

कुसूरच्या दिशेने जाताना पहिली भेटली ती काटेसावर. अंगावर एक पान नाही आणि तळहाताएवढी लाल, मांसल फुले. प्रत्येक फुलात मधुरस, त्यामुळे साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची तिथे पंगतच बसलेली. पांगाऱ्याची फुले वाघनखांसारखी वळलेली. उतारावर धायटीची झुडपे लहान लहान लाल फुलांनी भरलेली आणि मधमाश्यांनी गुणगुणणारी. वैद्य आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात ती हीच धायटीची फुले. करवंदीच्या जाळीतून पांढऱ्या फुलांचा मंद वास येत होता. आणि पळस! पळसाला पाने तीनच हे आपण जन्मभर ऐकतो, त्याच्या पत्रावळींवर आपल्या कितीतरी पंगती उठल्या, पण त्या दिवसांत झाडावर ती तीन पानेही नव्हती. सगळे झाड केशरी. व्याही बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “या रंगाचे कापड मिळवायला आम्ही सुरतेपर्यंत जातो.”

सावरीखाली पडलेले एक फूल नातीने उचलले. आत मुंग्यांची रांग होती. तिने ते होते तिथेच, होते तसेच ठेवले. जांभळाच्या झाडाची आणि सहा लेश्यांची गोष्ट तिला पाठशाळेत सांगितलेली आहे. मला काही बोलावे लागले नाही.

बोलावे लागले ते परतताना. आमच्या कुंपणाच्या वर डोंगराचा एक पट्टा होता, त्यावर धायटी नव्हती, करवंद नव्हते. जुन्या सावरीचे खोड पुरुषभर उंचीपर्यंत काळे पडलेले. “आजोबा, इथेच फुले का नाहीत?” असे तिने विचारले. उत्तर मला ठाऊक होते. गेल्या वर्षी चैत्रात जागा साफ करायची म्हणून व्याह्यांनी एका माणसाला पाचशे रुपये देऊन गवत पेटवायला सांगितले होते. ते पैसे मीच मोजून दिले होते. वारा फिरला, आग कुंपण ओलांडून वर चढली आणि संध्याकाळपर्यंत डोंगर जळत राहिला. टिटवी आणि लावे जमिनीवरच अंडी घालतात, हा विचार त्या दिवशी माझ्या मनालाही शिवला नाही.

शेजारच्या शेतातले एक वृद्ध गृहस्थ तेव्हा म्हणाले होते, “डोंगर आपणहून पेटत नाय, साहेब. आग खालूनच येती.” तेही भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, पण गरजेपुरता, आणि आग विझेपर्यंत जागचे हलत नाहीत.

प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची आलोचना करताना वनकर्म आणि दवदान हे शब्द मी वर्षानुवर्षे उच्चारत आलो. दवदान म्हणजे रानाला आग लावणे. जुन्या काळी कोणी असा धंदा करत असेल, आपला त्याच्याशी काय संबंध, अशीच माझी समजूत होती. आज आपल्यातली अनेक कुटुंबे मावळात जागा घेतात. मूल्यांकनाचे कितीतरी अहवाल बँकेत माझ्या टेबलावरून गेले; रस्त्याची रुंदी, पाणी, बिनशेती आदेश सारे त्यात असे. झाडे कुठे आहेत आणि गवत कसे काढले जाते, हे मीही कधी विचारले नाही.

याच तालुक्यात, शेजारच्या नाणे मावळात, पाले गावाजवळच्या लेण्यात अरहंतांना नमन करून सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी तिथे लेणे आणि पाण्याची पोढी करवून घेतली, एवढाच मजकूर. डोंगरात येऊन त्यांनी मागे पाणी ठेवले. आम्ही राख ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी दोन माणसे बोलावून विळ्याने गवत कापायला घेतले. दोन दिवस लागले. कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा केला, म्हणजे बाहेरची आगही आत येणार नाही. वनखाते याला जाळरेषा म्हणते. कापलेले गवत शेजारच्यांच्या गाईंसाठी गेले. मजुरी पाचशेच्या कितीतरी पट झाली. व्याह्यांनी घासाघीस न करता ती दिली आणि पुढच्या वर्षीसाठी त्याच माणसांना आताच सांगून ठेवले.

चैत्रात, महावीर जन्मकल्याणकानंतर, पुन्हा जायचे ठरले आहे. तोवर पळस ओसरलेला असेल, पण अंजनीच्या फांद्यांवर निळी-जांभळी फुले आली असतील. नातीला मात्र त्या काळ्या पट्ट्यावर धायटी परत फुटते का, ते पाहायचे आहे.