कळते, पण वळत नाही

‘कळते, पण वळत नाही’ हे वाक्य मराठी शिक्षकाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ते नेहमी आरोप म्हणूनच उच्चारले जाते. विद्यार्थी हुशार आहे, वर्गात मार्मिक बोलतो, पण गृहपाठ वेळेवर नाही. वाचन दांडगे, पण प्रकल्प अर्धवट. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख चुकली आणि नंतर विलंबशुल्काचीही चुकली. असा विद्यार्थी दिसला की प्राध्यापकवर्ग आळशी, बेफिकीर, बेशिस्त अशी विशेषणे लावून मोकळा होतो. आम्ही मराठी शिकवणारी काही माणसे या विशेषणांना हरकत घेऊ इच्छितो. ज्या वाक्प्रचाराच्या आधाराने ती लावली जातात, तो वाक्प्रचार ती लावणाऱ्यांपेक्षा शहाणा आहे.

कळणे एक आणि वळणे दुसरे, हा भेद भाषेने फार पूर्वीच केला. मानसशास्त्र या ‘वळण्या’ला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणते, आपण कार्यकारी क्षमता म्हणू. कामाला हात घालणे, त्याचे तुकडे पाडणे, वेळेचा अंदाज बांधणे, मधल्या पायऱ्या ध्यानात धरणे, मोह आवरणे, एका कामातून दुसऱ्यात शिरणे, या त्या क्षमता. एडीएचडी, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता असलेल्या, म्हणजे आज ज्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते अशा अनेक विद्यार्थ्यांना बुद्धी असूनही या क्षमता पुरत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ साली एडीएचडीची जी मांडणी केली, तिचा रोख हाच होता: काय करावे हे या माणसांना ठाऊक असते, ठाऊक असलेले ऐन वेळी कृतीत उतरत नाही. उपदेशाने फार तर कळणे वाढते. येथे कळण्याची वाण नाहीच. मग उपदेश कशासाठी?

तरीही आपली महाविद्यालये उपदेशच करतात. ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर पाहुण्यांचे व्याख्यान होते, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र नॅकच्या फायलीत जाते. विद्यार्थ्याला रोजनिशी ठेवण्याचा सल्ला मिळतो. सातत्य हीच ज्याची अडचण, त्याला सातत्याने रोजनिशी लिहायला सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला, पोहण्याचा वर्ग पैलतीरावर आहे, असे सांगणे होय.

आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. “‘कोसला’वर दहा पानी निबंध लिहून आणा, पंधरा तारखेपर्यंत.” सांगणाऱ्याला हे एक काम वाटते. प्रत्यक्षात ती आठ-दहा कामे आहेत: कादंबरी मिळवणे, वाचणे, विषयाला कड देणे, ग्रंथालयात समीक्षा शोधणे, टिपणे काढणे, नको ती टाकणे, आराखडा करणे, पहिला खर्डा लिहिणे, तो पुन्हा लिहिणे, आणि हे सारे पंधरा तारखेपासून मागे मोजत दिवसांवर बसवणे. शेवटचे काम सर्वांत अवघड आणि तेच कोणी शिकवत नाही. ते घरातून, वडीलधाऱ्यांकडून आले असेल असे गृहीत धरले जाते. घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयात आली असेल, तर ते तेथूनही येत नाही. मग ज्याला हे जमत नाही त्याचे गुण कापले जातात आणि गुणपत्रिकेवर त्याला साहित्य कळत नाही असे ठरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, क्षेत्रकार्य अशा निरनिराळ्या कप्प्यांतून एकेका सत्राचे वीस-बावीस श्रेयांक जमवायचे, आणि प्रत्येक कप्प्याचे अंतर्गत मूल्यमापन वेगळे. वास्तविक लहान कामे आणि जवळच्या मुदती या विद्यार्थ्यांना मानवणाऱ्या आहेत. पण सूचना तोंडी सांगितली जाते, तारीख व्हॉट्सॲपवर दोनदा बदलते आणि सगळ्या विषयांच्या मुदती शेवटच्या पंधरवड्यात येऊन आदळतात, तेव्हा चांगल्या कल्पनेची शिक्षा होते.

कायद्याने काही दिले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहेत. एडीएचडीची स्वतंत्र नोंद तेथे नाही. लेखनिकाची सोय चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी जखडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेत ताशी वीस मिनिटे वाढीव मिळतात. ही सोय हवीच. पण कार्यकारी क्षमतेची कसोटी त्या तीन तासांआधीच्या चार महिन्यांत लागते, आणि त्या चार महिन्यांचे काय करायचे हे ठरवणे बहुतांशी शिक्षकाच्या हातात आहे.

आक्षेप ठरलेले आहेत. “हे लाड आहेत, बाहेरच्या जगात कोण अशा सवलती देणार?” साहित्यव्यवहारातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. दिवाळी अंकाच्या संपादकांना विचारा. लेखकाला आठवणीचे किती फोन करावे लागतात, किती ‘अखेरच्या’ मुदती द्याव्या लागतात, हे ते सांगतील. कित्येक मान्यवरांची कार्यकारी क्षमता म्हणजे संपादकाचा दूरध्वनी होय. प्रतिष्ठिताला मिळते तेव्हा ते सौजन्य ठरते; एकोणीस वर्षांच्या मुलीने मागितले की लाड.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आधार देत राहिलो तर विद्यार्थी स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार? याला उत्तर गवंड्याकडे आहे. परांची बांधल्यावाचून भिंत चढत नाही, आणि भिंत झाली की परांची उतरवतात. निबंधाचे विषय, टिपण, आराखडा, खर्डा असे चार टप्पे करून प्रत्येकाला तारीख आणि थोडे गुण द्यावेत. सूचना लेखी द्यावी आणि दिलेली तारीख हलवू नये. पहिला परिच्छेद वर्गातच वीस मिनिटे लिहून घ्यावा, कारण अनेकांचे घोडे अडते ते आरंभापाशी. ग्रंथालयात आठवड्यातून एक तास सोबत बसून लिहिण्याचा ठेवावा. दुसरा माणूस शेजारी काम करत असला की अनेकांचा हात चालू लागतो. पहिल्या सत्रात टप्पे शिक्षकाने पाडावेत, दुसऱ्यात विद्यार्थ्याबरोबर, तिसऱ्यात त्याने एकट्याने पाडावेत आणि शिक्षकाने फक्त पाहावेत. कौशल्य असे बांधले जाते. यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. आणि निदान न झालेल्या, निदानाचा खर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याचा लाभ मिळतो.

राहता राहिली ‘कोसला’. सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला, पैशांचा हिशेब न लागलेला, अभ्यासाचा बोजवारा उडून गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर आपण १९६३ पासून डोक्यावर घेतला आहे. त्याला आज एखादे वैद्यकीय नाव चिकटवावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कादंबरी तेवढ्याने संपते. पण त्याच्या परात्मतेवर तास रंगवायचा आणि तास संपताच त्याच्याच वयाच्या मुलाचे नाव गैरहजेरीच्या यादीत, एकही प्रश्न न विचारता, फलकावर लावायचे, यात साहित्य शिकवणे कोठे बसते? ज्या विभागात माणसे वाचायला शिकवतात, त्या विभागाने समोर बसलेले माणूस आधी वाचावे, एवढीच आमची मागणी आहे. येत्या सत्राचे नियोजन विभागाच्या बैठकीत येईल, तेव्हा व्याख्यानमालेच्या विषयाआधी मुदतींच्या तारखा टेबलावर याव्यात.